बासष्ट बटणं आणि बारा वेढे

ठेव तो डबा तिथं टेबलावर. उघडू नकोस. पिकअप उद्या सकाळी बसवून देतो, आणि बसवायच्या आधी मेणात बुडवून काढतो. मेणानं टोन मरतो? कुणी सांगितलं? इंटरनेटनं? बरं. मग त्याला माझा निरोप दे, म्हणावं मामाचं डोकं फिरलंय, त्याच्या दुकानात मेणाशिवाय पिकअप बसत नाही.

तोंडं पाडू नका. बसा. वाजलेत किती? पावणेदहा. शटर अर्धं ओढ, आणि तो अ‍ॅम्प बंद कर. नुसता आवाज शून्यावर आणून भागत नाही. बटण बंद कर. हं.

आता कारण सांगतो. तुमच्यात हा एक ड्रमर आहे, त्याच्यासाठी आधी सोपं करून सांगतो. गिटारच्या तारांखाली जो पट्टीसारखा तुकडा असतो ना, तो पिकअप. आत चुंबक, आणि चुंबकाभोवती केसापेक्षा बारीक तांब्याची तार. सात हजार, आठ हजार वेढे. वर तार थरथरली की खाली कॉइलमध्ये वीज थरथरते, आणि तीच अ‍ॅम्पमधून सूर होऊन बाहेर पडते. पण कॉइलचे वेढे सैल राहिले, तर ती नुसती तारांचं ऐकत नाही. सगळंच ऐकते. गिटारवर तोंड ठेवून बोललात तर तुमचं बोलणं अ‍ॅम्पमधून येतं. म्हणून तिला वितळलेल्या मेणात बुडवायची. मेण आत शिरतं, वेढे घट्ट बसतात, कॉइलचे कान बंद होतात.

माझ्या ओळखीच्या एकानं ते केलं नाही. केलं, पण फार उशिरा.

त्याला सगळे टोन्या म्हणायचे. झोपेतसुद्धा टोन, टोन करत असेल असा माणूस. हात सोन्यासारखा, पण स्वतःच्या आवाजावर कधी खूश नाही. दर दोन-तीन महिन्यांनी पिकअप बदलायचा. हा फार तीक्ष्ण, तो फार गोड, तिसरा छान होता पण "मामा, त्याला आत्मा नाही." मी म्हणायचो, अरे बाबा, पिकअपला कसला आत्मा, सोल्डर नीट कर. तेरा पिकअप झाले होते. त्याची बायको म्हणायची, याच्या खणात कपड्यांपेक्षा पिकअप जास्त आहेत. हसायचो आम्ही.

मग त्याला तारकाका सापडले. पूर्वी मोटारी, पंखे, ट्रान्सफॉर्मर यांच्या कॉइल भरायचे. म्हातारपणी गिटारच्या पिकअपचा नाद लागला. घराच्या मागच्या खोलीत एक मशीन होतं, शिवणाच्या मशीनसारखं हँडल असलेलं. डाव्या हातानं हँडल फिरवायचं, उजव्या हाताच्या चिमटीतून तार सोडायची, आणि तोंडानं मोजायचं. एक वेढा, एक आकडा. शंभर झाले की शेजारच्या वाटीतलं शर्टाचं एक बटण उचलून दुसऱ्या वाटीत टाकायचं. टक्. आणि पुन्हा एकपासून. ऐंशी बटणं पडली की पिकअप तयार.

मोजताना त्यांना हाक मारायची नाही, हा त्या घरातला नियम. काकूंनी एकदा फोन आला म्हणून हाक मारली होती. मोजणी चुकली. काकांनी एक शब्द न बोलता पाच हजार वेढे कात्रीनं कापून टाकले आणि पुन्हा पहिल्यापासून बसले. तेव्हापासून घर पेटलं तरी काका मोजत असताना कुणी तोंड उघडत नसे.

आता ती रात्र. अकरा नोव्हेंबर, मंगळवार. टोन्याला दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता माझ्याकडे रेकॉर्डिंग होतं. हीच मागची खोली. एका मोठ्या संगीतकारानं त्याला पहिल्यांदा एकट्याचा तुकडा दिला होता. अठरा वर्षं दुसऱ्यांच्या मागे उभं राहून वाजवल्यावर. त्यासाठी काकांचा नवा पिकअप हवा होता. तेवढा आणायला तो रात्री साडेआठला त्यांच्या घरी गेला. काकूंनी दार उघडलं, म्हणाल्या, "आत्ताच बसलेत, अडीच तास तरी लागतील, तू बैस, मी वर जाऊन पडते." तो बाहेरच्या खोलीत बसला. मध्ये फक्त पडदा.

आम्हाला नंतर जे कळलं ते असं. पावणेअकराला काकांची कॉइल पूर्ण झाली. उठताना चक्कर आली. टोन्यानं काकूंना उठवलं, गाडी बोलावली, दवाखान्यात नेलं. तिथं पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. हृदय. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणलं असतं तर काहीतरी करता आलं असतं.

आणि सकाळी दहाला टोन्या रेकॉर्डिंगला हजर! डोळे लाल, गिटारमध्ये नवा पिकअप. म्हणाला, "काकांनी जाता जाता पुरा केलाय, मामा. आज हाच वाजणार." मला वाटलं, काय हे प्रेम. डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

आणि आवाज! मी तीस वर्षं लोकांचे आवाज ऐकतोय. असा गिटारचा सूर मी त्याआधी ऐकला नव्हता, पुन्हा ऐकायचीही इच्छा नाही. कुणीतरी अगदी जवळ येऊन, सगळं विसरून बोलावं तसा. संगीतकार खुर्चीतून उठून उभा राहिला.

दुसऱ्या टेकच्या आधी मी शांतता मागितली. टोन्याचे हात तारांवरून बाजूला. हेडफोनमध्ये नुसती अ‍ॅम्पची सूं सूं. आणि तिच्यामागे, बारीक, कुणीतरी म्हणालं...

"बारा."

मी मायक्रोफोनवरून म्हटलं, "टोन्या, मोजू नकोस रे." त्यानं काचेपलीकडून माझ्याकडे बघितलं. त्याचे ओठ मिटलेले होते.

"बारा... बारा... बारा..."

मी अ‍ॅम्पची वायर बदलली. म्हटलं, कुठलं तरी रेडिओ स्टेशन पकडत असेल. तसं होतं कधीकधी. तिसऱ्या टेकमध्ये काही आलं नाही आणि मी विसरून गेलो.

बावीस नोव्हेंबरला, शनिवारी संध्याकाळी, आम्ही दोघं काकूंना भेटायला गेलो. बाई अगदी वाळून गेली होती. इकडचं तिकडचं बोलून झालं, मग तिनं टोन्याचा हात धरला. "मी वर गोळी घेऊन झोपले होते. खरं सांग मला. त्यांनी हाक मारली होती का रे? मी ऐकली नाही, असं तर झालं नाही ना?"

टोन्या म्हणाला, "नाही काकू. हाक नाही, काही नाही. एकदम गेले. त्रास झालाच नाही."

मीही मान हलवली. अशा वेळी माणूस हेच बोलतो. काकूंनी त्याचा हात सोडला आणि म्हणाल्या, "बरं झालं." पण चेहऱ्यावर बरं झाल्यासारखं काही दिसलं नाही. चाळीस वर्षांचा संसार आणि जाताना साधी हाकसुद्धा नाही, हेच तिच्या जिवाला लागलं होतं. तेव्हा मला ते कळलं नाही.

त्यानंतर टोन्या पंधरा-सोळा दिवस फिरकलाच नाही. फोनही उचलेना.

आठ डिसेंबर, सोमवार. रात्री असाच पावणेदहाचा सुमार. शटर ओढत होतो, तर गिटार घेऊन दारात उभा. दाढी वाढलेली, गालफडं बसलेली. म्हणाला, "मामा, हे तुम्ही ऐका. मला एकट्याला ऐकू येतं की खरंच येतं, तेवढं सांगा."

आम्ही या अ‍ॅम्पला गिटार लावली. हाच अ‍ॅम्प. आवाज अर्ध्यावर. गिटार त्या स्टूलवर आडवी ठेवली आणि दोघंही तिच्यापासून दूर बसलो. दहा वाजले. काही नाही. दहा वाजून पाच. मी त्याला काहीतरी थट्टेनं बोलणार होतो.

दहा वाजून तेरा मिनिटांनी...

"एक."

म्हाताऱ्या माणसाचा आवाज. घाई नाही. राग नाही. कामात असलेला आवाज.

"दोन... तीन... चार..."

मी उठून गिटारजवळ गेलो. पिकअप फक्त जवळचं ऐकतो, पोरांनो. दूरचं नाही. म्हणजे बोलणारा त्या स्टूलवर वाकलेला असायला हवा होता. तिथं मी होतो. आणखी कुणी नव्हतं. पण माझ्या गालाला गार लागलं.

"अठ्ठ्याण्णव... नव्व्याण्णव... शंभर."

टक्.

मग नुसती सूं सूं.

टोन्या खाली बघत म्हणाला, "आज सतरा रात्री झाल्या. आधी नुसतं बारा, बारा, बारा यायचं. काकूंना भेटून आलो त्या रात्रीपासून पुढे मोजायला लागलेत. त्या रात्री तेरापासून शंभरपर्यंत. मग रोज एकेक शेकडा. मी पिकअप काढला. जुने बसवले. तेराच्या तेरा बसवून बघितले. सगळे मोजतात."

"मग कशाला लावतोस अ‍ॅम्पला? ठेव की बंद करून."

"आणि आज किती झाले ते कळायला नको?"

मग त्यानं सांगितलं. मी विचारलं नव्हतं. त्या रात्री काकांची कॉइल पूर्ण झालीच नव्हती. बासष्ट बटणं पडली होती. त्यापुढं काका मोजत होते. दहा, अकरा, बारा. आणि मग पुन्हा बारा. पुन्हा बारा. हँडल थांबलेलं. पडद्याआडून नुसतं... बारा... बारा. टोन्याला कळलं होतं की काहीतरी बिघडलंय. जो माणूस एक आकडा चुकला तर पाच हजार वेढे कापतो, तो एकच आकडा चार-चारदा कसा म्हणेल? पण हाक मारली आणि काका नुसतेच थकलेले असले तर? तर कॉइल गेली. सकाळचं रेकॉर्डिंग गेलं.

तो गप्प बसला. पडद्याकडे बघत.

आवाज थांबल्यावर आत गेला. काकांचं डोकं मशीनशेजारी टेबलावर टेकलेलं. तार अजून चिमटीत. टोन्यानं ती तार हळूच सोडवून घेतली. दुसरं स्टूल ओढलं. आणि बसला... मोजायला. तेरापासून. उरलेले सतराशे अठ्ठ्याऐंशी वेढे. अर्धा तास.

मी म्हटलं, "तुला वाटलं ते गेलेत. होय ना?"

त्यानं स्टूलवरची गिटार उचलून मांडीवर घेतली.

"टोन्या, गेले होते ना ते?"

"श्वास येत होता, मामा. घरघर. सत्तराव्या बटणापर्यंत येत होता."

खरं सांगतो, माझा हात उठला होता. मारलं नाही. मारायला हवं होतं की काय, अजून ठरवता आलेलं नाही मला. मी त्याला म्हटलं, "आता ऊठ. आत्ताच्या आत्ता काकूंकडे जा. पाया पड, मार खा, पण सांग. त्यांना आणखी काही नकोय तुझ्याकडून. म्हाताऱ्याला बोलवत नव्हतं, जे तोंडात होतं तेच तो ओरडत होता. ती हाक होती. तिची तिला पोचव."

तो म्हणाला, "सांगतो. उद्या नक्की सांगतो."

जाताना त्यानं दारातून विचारलं, "मामा, उद्या शेवटचा शेकडा. ऐंशी पुरे होतात. मग काय होईल?"

मला काय माहीत? मी म्हटलं, त्याच्या आत काकूंकडे जा म्हणजे झालं.

नऊ डिसेंबर, मंगळवार. तो गेला नाही. त्या दिवशी काय झालं ते त्याच्या बायकोनं मला सांगितलं, आणि ती बाई एक अक्षर वाढवून सांगणारी नाही.

रात्री नऊला त्यानं पिकअप गिटारमधून काढला. स्वयंपाकघरात एका पातेल्यात पाणी तापवलं, त्यात छोटं भांडं ठेवून मेण वितळवलं. थर्मामीटर लावून, सगळं अगदी पद्धतशीर. कान बंद करायचे होते ना कॉइलचे. तोंड बंद करायचं होतं म्हणा. काकूंचं घर तिथून वीस मिनिटांवर. पण यानं गॅस पेटवला.

मेणात कॉइल सोडली की आतली हवा बुडबुड्यांनी वर येते. दहा मिनिटं, फार तर पंधरा. बुडबुडे थांबले की समजायचं, मेण आतपर्यंत पोचलं. साडेनऊला त्यानं पिकअप सोडला. दहा वाजता बायको पाणी प्यायला आली. बुडबुडे येतच होते. एक... मग जरा वेळानं एक. ती म्हणाली, "एवढीशी वस्तू, एवढी हवा कुठली?"

तो म्हणाला, "थांबतील."

ती आत जाऊन पडली. दार उघडंच होतं. सव्वादहाच्या आत-बाहेर तिला तो मोजताना ऐकू आला. मोठ्यानं. एक. दोन. तीन. तिला वाटलं, बुडबुडे मोजतोय.

चाळीस. पन्नास.

आवाज बारीक होत गेला.

ऐंशी.

मग पुटपुटणं.

मग... काही नाही.

थोड्या वेळानं एक आवाज आला. टक्. वाटीत काहीतरी पडल्यासारखा. तिनं विचारलं, "काय पडलं हो?" उत्तर नाही. "अहो?" नाही. ती उठून गेली. गॅस बंद होता. मेण गोठलेलं. हा खुर्चीत ताठ बसलेला, दोन्ही हात मांड्यांवर. डोळे उघडे. तिनं खांदा हलवला तेव्हा त्यानं वळून बघितलं आणि ओरडून विचारलं, "काय? काय म्हणतेस? मोठ्यानं बोल!"

दोन्ही कानांत मेण होतं.

मला साडेअकराला फोन आला. दवाखान्यात पोचलो तेव्हा कानाचे डॉक्टर चिमट्यानं मेण काढत होते. अखंड निघालं, दोन बुचांसारखं. नर्सनं दोन छोट्या बाटल्यांत ठेवून चिठ्ठ्या लावल्या, डावा कान, उजवा कान. डॉक्टरांना एकच कोडं पडलं होतं. गरम मेण ओतलं असतं तर कातडी भाजायला हवी होती. कान साधा लालही नव्हता. मेण मऊ करून हातानं दाबून बसवलेलं होतं. आणि टोन्याच्या हातांना, नखांत, कुठंही मेणाचा कण नव्हता. बायकोचे हात तर मी स्वतः बघितले.

कान साफ झाले. पडदे शाबूत. पण त्याला ऐकू काही आलं नाही. अजून येत नाही. गिटार विकली नाही, वाजवतही नाही. त्या रात्री तो माझा हात धरून, बहिरी माणसं बोलतात तसा, सगळ्या वॉर्डला ऐकू जाईल एवढ्यानं ओरडला, "मामा, तुम्हीच सांगा तिला! माझ्याच्यानं होत नाही!"

सकाळी मी त्या दोन बाटल्या खिशात घालून काकूंकडे गेलो. सगळं सांगितलं. बारा, बारा, बारा. अर्धा तास. घरघर. काही लपवलं नाही. मला वाटलं होतं ती रडेल, त्याला शिव्याशाप देईल. तिनं चष्मा काढून पदरानं पुसला. मग म्हणाली, "म्हणजे हाक मारली होती."

"हो."

"मला."

"हो काकू. तुम्हालाच."

तिनं पदर तोंडाला लावला. जरा वेळानं विचारलं, "आणि याच्या कानाचं काय झालं?" मी डाव्या कानाची बाटली काढून तिच्या हातावर बूच ठेवलं. बाहेरच्या बाजूला अंगठ्याचा ठसा उमटलेला होता, अगदी स्पष्ट, आणि त्याच्या मधून एक बारीक, खोल रेघ आडवी गेलेली. डॉक्टर म्हणाले होते, केस चिकटला असेल.

काकूंनी ते खिडकीच्या उजेडात धरलं. चष्मा लावला. मग त्या ठशावर आपला अंगठा अलगद ठेवला आणि तसाच राहू दिला.

"तारेनं घळ पाडली होती त्यांना," ती म्हणाली. "चाळीस वर्षं चिमटीतून तार जायची. हा उजवा अंगठा आहे."

तिनं मूठ मिटली आणि ते बूच मला परत दिलं नाही. मीही मागितलं नाही.

रस्त्यावर आल्यावर माझ्या डोक्यात ते शिरलं. डाव्या कानातलं बूच. उजवा अंगठा. आपले कान आपण बंद केले तर डाव्या कानाला कुठला हात जातो? जाऊ दे, करून बघू नका. खाली घे हात. खाली घे म्हणतो ना.

म्हातारा टोन्याच्या समोर उभा होता. तोंडासमोर तोंड. दोन्ही हातांत त्याचा चेहरा धरून.